भिवंडीच्या गोदामात पिकिंगचं टार्गेट ९० वरून १३०: हा आकडा तपासायचा कसा?

खारीगाव_लोकल

मंडळी, भिवंडीकडच्या एका ई-कॉमर्स गोदामातला प्रश्न आहे. नाव मुद्दाम देत नाही. पिकिंगचं (ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल उचलून आणायचं) टार्गेट आजवर तासाला ९० नग होतं, पुढच्या महिन्यापासून १३० होणार. बाहेरून आलेल्या सल्लागारांनी टाइम स्टडी (घड्याळ लावून कामाचा वेळ मोजणं) केली, तेव्हा आकडा 'शास्त्रीय' आहे असं सांगतात. कागदावर जे आहे ते एवढंच: ४० रीडिंग, नगामागे सरासरी २७ सेकंद, सगळी रीडिंग दिवसपाळीत आणि फास्ट-मूव्हिंग मालाच्या एकाच झोनमधली. ३६०० भागिले २७ म्हणजे १३३, त्यातले ३ 'सवलत' म्हणून कमी केले.

बाकीचे नियम असे. दोन स्कॅनमध्ये ५ मिनिटांपेक्षा जास्त गॅप गेला की स्कॅनर गन तो वेळ 'आयडल' धरते. सलग तीन दिवस टार्गेट हुकलं की ठेकेदार अर्धी हजेरी कापतो. आठ-आठ जणांच्या टीम आहेत आणि दर महिन्याला प्रत्येक टीममधला सगळ्यात खालचा माणूस बदलायचा, कारण 'बॉटम १० टक्के' काढायचे असं वरून आलंय. पाळी नऊ तासांची, त्यात अर्धा तास जेवण आणि दहा-दहा मिनिटांचे दोन चहा. पिकर जवळजवळ सगळे ठेकेदाराचे, निम्म्या बायका.

कामगारांच्या समितीला आठवड्याभरात म्हणणं मांडायचंय. 'पिळवणूक चालली आहे' एवढ्यावर मॅनेजर ऐकत नसतो, त्याला एक्सेल लागते. नेमकं बोट कुठे ठेवायचं?

घड्याळ_पाटी_पेन्सिल

२७ सेकंद हा नुसता पाहिलेला वेळ. टार्गेट निघतं प्रमाणवेळेवरून, म्हणजे वेग आणि विश्रांती धरून एका नगाला लागणाऱ्या वेळेवरून. पाहिलेल्या वेळेपासून प्रमाणवेळेपर्यंत जायला मध्ये दोन पायऱ्या असतात आणि तुमच्या कागदात दोन्ही धड नाहीत.

पहिली पायरी रेटिंगची. घड्याळ लावलं तेव्हा समोरचा माणूस कोणत्या वेगात होता, हे निरीक्षकाने तिथल्या तिथे लिहायचं असतं. १०० हे प्रमाण म्हणजे कामाची सवय असलेला माणूस, मोकळ्या हातांनी, सपाट जमिनीवर ताशी ६.४ किलोमीटर चालतो तो वेग. ही रमतगमत चाल नव्हे. गाडी सुटायच्या आत फलाट गाठायचाय, अशी चाल आहे. त्यात टाइम स्टडीला बहुधा सगळ्यात तरतरीत पोराला पुढे करतात, आणि बाजूला पाटी घेऊन साहेब उभा असला की कुणाचेही हात भराभर चालतात. त्याला रेटिंग ११० धरलं तर मूळ वेळ २७ × ११० ÷ १०० = २९.७ सेकंद. कागदावर रेटिंगचा रकानाच नसेल, तर पहिला मुद्दा तोच मांडा.

दुसरी पायरी सवलतींची. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तक्त्यात वैयक्तिक गरजांसाठी पुरुषांना ५ टक्के, बायकांना ७. मूळ थकव्यासाठी दोघांना ४. उभ्याने काम असेल तर २ आणि ४. वाकून काम असेल तर २ आणि ३. बेरीज १३ आणि १८. यावर अटळ खोळंब्याचे (गन हँग झाली, बिन म्हणजे मालाचा कप्पा रिकामा निघाला, लिफ्ट आली नाही) साधारण ५ टक्क्यांपर्यंत धरतात. म्हणजे १८ आणि २३.

पुरुष: २९.७ × १.१८ = ३५ सेकंद, तासाला १०३ नग.
बायका: २९.७ × १.२३ = ३६.५ सेकंद, तासाला ९८ नग.

दोन वेगळी टार्गेटं मागू नका. उद्या त्याच कारणाने बायकांची भरती थांबेल. मोठी सवलत सगळ्यांना लावा आणि ९८ म्हणा. यात एक फट आहे, ती आधीच बुजवून ठेवा: चहाची २० मिनिटं तुम्ही पाळीतून वेगळी वजा केलीत, तर साधारण ४ टक्के विश्रांती दोनदा मोजली जाते. हुशार मॅनेजर तुम्हाला तिथेच पकडेल. ते ४ टक्के काढले तरी आकडा १०२ येतो. १३० कुठल्याच वाटेने येत नाही.

आता रीडिंगची संख्या. ९५ टक्के खात्रीने ५ टक्क्यांच्या आत सरासरी हवी असेल तर रीडिंग लागतात (१.९६ × विचलनाचं प्रमाण ÷ ०.०५) चा वर्ग. विचलनाचं प्रमाण म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (रीडिंग सरासरीभोवती किती विखुरलीत त्याचं माप) भागिले सरासरी. ४० रीडिंग पुरतात ते हे प्रमाण १६ टक्क्यांच्या आत असेल तरच, आणि ते एका जागी बसून पॅकिंग करणाऱ्याचं असू शकतं. पिकिंगमध्ये एक नग हाताशी असतो, पुढचा तीन रांगा पलीकडे. तिथे ४० टक्के सहज निघतं आणि मग २४६ रीडिंग लागतात. कच्ची ४० रीडिंग मागा, सरासरी नको.

पिकिंगचा वेळ खाते ती चाल, हात नव्हे. फास्ट-मूव्हिंग झोनमध्ये दोन बिनांमध्ये १२ मीटर असतील आणि स्लो झोनमध्ये २०, तर त्या १००-रेटिंगच्या वेगानेसुद्धा प्रत्येक पिकला साडेचार सेकंद वाढतात. वर ट्रॉली ढकलायची असते. एकाच बिनमधून सहा साबण उचलणं आणि सहा बिनांमधून सहा वस्तू उचलणं, दोन्ही कागदावर 'सहा नग'. म्हणून टार्गेट नुसत्या नगावर नको. ऑर्डरच्या ओळी (किती वेगवेगळ्या वस्तू), नग आणि झोन असे तिन्ही धरून हवं.

अजून एक हिशोब, आणि तो सगळ्यात सोपा आहे. नऊ तासांतून जेवण वजा केलं की ५१० मिनिटं. सिस्टीमने साडेआठ तास × १३० असं धरलं तर पाळीचे १,१०५ नग होतात. पण त्यातून चहाची २० गेली. सुरुवातीचं ब्रीफिंग, गन घेणं, लॉगिन, ट्रॉली शोधणं यात १५ धरा, शेवटी जमा करायला १०. उरली ४६५ मिनिटं. १,१०५ नग ४६५ मिनिटांत म्हणजे नगामागे २५ सेकंद. सांगताना १३०, पण प्रत्यक्षात पडतात १४३. सिस्टीम वेळ कुठून कुठपर्यंत मोजते, हे लेखी घ्या.

करारात एक वाक्य घालून घ्या: पद्धत, माल, मांडणी किंवा यंत्र बदललं तरच प्रमाणवेळ बदलेल. हे नसेल तर लोकांनी १३० गाठल्यावर तीन महिन्यांनी १४५ येतील, आणि हे कळलेला कुठलाही शहाणा पिकर १३० च्या वर कधी जाणार नाही. टाइम स्टडी सुरू करणारा अमेरिकन इंजिनिअर टेलर स्टॉपवॉच घेऊन कारखान्यात फिरत होता तेव्हापासून मालकांची हीच तक्रार आहे की कामगार मुद्दाम हात राखून काम करतात. हात राखायला कोण शिकवतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरी_पाळी

वरचं गणित बरोबर आहे, पण सूर थोडा एकतर्फी होतोय म्हणून लिहितो. आकडाच नसतो तिथे काय चालतं तेही बघा. सुपरवायझरच्या मर्जीतल्याला दारापाशी हलका माल, नावडत्याला मेझनाइनवर (पोटमाळ्यावर) पाण्याचे बॉक्स. ओव्हरटाइम कुणाला, रविवार कुणाला, सगळं तोंड बघून. गनमधली नोंद पिकरच्या बाजूनेही बोलते. 'दिवसभर टंगळमंगळ केली' असं कुणी म्हणालं तर स्कॅनची वेळ समोर ठेवता येते. तेव्हा मोजमाप बंद करा अशी मागणी करू नका. मोजलेलं पिकरलाही रोजच्या रोज दिसलं पाहिजे, अशी करा. बहुतेक सिस्टीममध्ये हा रिपोर्ट देता येतो, फक्त चालू केलेला नसतो.

आणि 'आयडल' शब्दावर बोट ठेवा. ५ मिनिटांच्या गॅपला कारणाचा कोड जोडता येतो: बिन रिकामं, प्रिंटर बंद, टोट (माल गोळा करायचा क्रेट) नाही, लिफ्ट, शौचालय. कोड नसेल तर सगळा दोष माणसाच्या नावावर जातो. शौचालयाचाच हिशोब करा. मोठ्या गोदामात ते एका टोकाला असतं. पिकर १५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३०० मीटर, साध्या चालीने सव्वाचार मिनिटं. पाचातली पाऊण मिनिट उरते. बायका पाळीभर पाणी पीत नाहीत त्याचं कारण या सेटिंगमध्ये आहे. सेटिंग १२ किंवा १५ मिनिटं करायला ॲडमिन स्क्रीनवर एक आकडा बदलावा लागतो, बजेट लागत नाही.

एक सांगायचं राहिलं. जपानी पद्धत म्हणून ५-एसचे (कामाची जागा आवरून ठेवायच्या पद्धतीचे) फलक लावतात, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारतात. टोयोटात त्याच्या जोडीला दोरी असते: काही चुकतंय असं दिसलं की कामगार ओढतो, टीम लीडर धावत येतो, गरज पडली तर लाइन थांबते. आपल्याकडच्या गोदामांत फलक येतात, दोरी काही येत नाही.

परळचा_पिंपळ

कायद्याचं बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू आहेत, त्यामुळे जुन्या कायद्यांची कलमं लिहून अर्ज देऊ नका.

अर्धी हजेरी कापणं हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. वेतन संहिता, २०१९ मध्ये पगारातून काय कापता येतं त्याची यादी आहे: गैरहजेरी, दंड, कामगाराच्या हलगर्जीमुळे झालेलं नुकसान, उचल वगैरे. 'काम कमी झालं' असं त्यात काही नाही. माणूस पूर्ण पाळी हजर होता, मग गैरहजेरी कसली? दंड म्हणत असतील तर दंडाला चार अटी आहेत: कोणत्या चुकांना दंड होतो त्या यादीला आधी मंजुरी, ती यादी कामाच्या ठिकाणी लावलेली, दंडाआधी कामगाराला बोलायची संधी, आणि एका वेतनकाळात एकूण दंड पगाराच्या ३ टक्क्यांच्या आत. महिन्याचे २६ दिवस धरले तर अर्धी हजेरी म्हणजे १.९ टक्के. महिन्यात दोनदा कापली की मर्यादा ओलांडली. पूर्वी हे संरक्षण २४,००० रुपयांच्या आतल्या पगाराला होतं, आता सगळ्यांना आहे. दंडाचा पैसा कामगारांच्या हितासाठीच वापरायचा असतो, ठेकेदाराच्या खिशात जायला नको. आणि ठेकेदाराने पगार थकवला तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून पत्र दोघांनाही द्या.

बदलाची नोटीस: औद्योगिक संबंध संहिता, २०२० च्या कलम ४० प्रमाणे तिसऱ्या अनुसूचीतल्या सेवाशर्ती बदलायच्या तर २१ दिवस आधी नोटीस लागते. नुसतं टार्गेट वाढवलं म्हणून नोटीस लागेलच असं नाही, इथे घाई करून तोंडघशी पडू नका. पण त्या यादीत वेतन आहे, कामाचे तास आणि मधली सुट्टी आहे, पाळी बदलणं आहे, आणि ज्याने माणसं कमी होण्याची शक्यता आहे असं रॅशनलायझेशनही (कमी माणसांत तेवढंच काम बसवणं) आहे. ९० चे १३० झाले तर तितक्याच मालाला १०० पिकरांच्या जागी ६९ पुरतात. मॅनेजमेंटच्या प्रेझेंटेशनमध्ये 'हेडकाउंट' घटताना दाखवला असेल तर ती स्लाइड जपून ठेवा.

रॅशनलायझेशन हा शब्द गिरणगावाला नवा नाही. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते, गिरणी कामगार युनियन त्याच संपात उभी राहिली. कारणांतलं मोठं कारण हेच: विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) चालवायचे, सूतखात्यात यंत्राच्या एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. साचे तीन करायला कुणाची ना नसते, पण सूत हलकं असलं की धागा सारखा तुटतो आणि मग दोन साचेसुद्धा भारी पडतात. तुमच्याकडे हलकं सूत म्हणजे सिस्टीममध्ये दिसणारा पण बिनमध्ये नसलेला माल. तो किती टक्के आहे ते विचारा. मालाची नोंद जितकी चुकीची, तितकी पिकरची वणवण जास्त.

'दुसरी पाळी' यांचं मर्जीबद्दलचं म्हणणं खरं आहे. गिरणीत जॉबर (कामगार भरणारा मुकादम) होता, भरती त्याच्या हातात, दस्तुरीही (कामाला लावण्याबद्दल घेतलेले पैसे) त्याच्याच हातात. पण ठेकेदाराच्या हातात गनचा रिपोर्ट दिला की जॉबर परत येतो, फक्त आता त्याच्याकडे प्रिंटआउट असतो.

जाता जाता: सल्लागारांच्या स्लाइडमध्ये डबेवाले हमखास असतात. त्यांच्या गटात मुकादम असतो आणि कमाई गटात वाटून घेतात, हे त्या स्लाइडवर लिहिलेलं नसतं.

हेडसेट_मालाड

गोदामातला अनुभव नाही, पण कॉल सेंटरच्या मनुष्यबळ नियोजनात हाच रोग जुना आहे. रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हा समज मुळात चुकीचा.

काम जिथे अनियमित येतं तिथे रांगेचं गणित चालतं. एक पॅकिंग टेबल घ्या, एका ऑर्डरला सरासरी १ मिनिट. टेबल ८० टक्के भरलेलं असेल तर ऑर्डरला सरासरी ४ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांना ९ मिनिटं. ९५ टक्क्यांना १९. (भार भागिले एक वजा भार, एवढंच सूत्र. टेबलं जास्त असली आणि रांग एकच असली तर आकडे खाली येतात, पण वाढ तशीच एकदम उभी चढते.) पिकिंग १३० वर नेलं आणि पॅकिंगची टेबलं तेवढीच ठेवली, तर भरलेले टोट टेबलापाशी साचणार, रिकामे टोट परत येणार नाहीत, पिकर टोटसाठी उभा राहणार आणि गन त्यालाच आयडल म्हणणार. म्हणून मॅनेजरला विचारा: पॅकिंगची क्षमता किती टक्के वापरात आहे?

कॉल सेंटरमध्ये ८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे हे नेहमीचं लक्ष्य. त्यासाठी एजंटला पाळीतला साधारण १५ टक्के वेळ कॉलविना ठेवावा लागतो, आणि हे शंभर वर्षांपूर्वी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एर्लांग नावाच्या डॅनिश गणितज्ञाने मांडून ठेवलंय. तरी दर तिमाहीत कुणीतरी नवा साहेब येतो आणि विचारतो, हे बसून का आहेत?

एकाच आकड्यावर माणसाला टांगलं की तो आकडाच खोटा होतो. आमच्याकडे सरासरी कॉल-वेळ म्हणजे बोलणं, होल्ड आणि नंतरची नोंद यांची बेरीज. ती कमी करायला सांगितली की लोक अवघड कॉल दुसऱ्याकडे ढकलतात, नोंद अर्धवट टाकतात, काही तर लाइन कट करतात. ग्राहक परत फोन करतो, कॉल वाढतात, वेळ कमी झाल्याचा चार्ट मात्र हिरवा. गोदामात याची भावंडं कोणती ते सांगतो, तुम्ही ताडून बघा:

माल शोधायला तीन मिनिटं लागणार असं दिसलं की 'नग नाही' दाबून पुढे जाणं. ऑर्डर रद्द होते, स्टॉक चुकतो, उद्या दुसऱ्याला तेच बिन रिकामं दिसतं. एक नग स्कॅन करून तोच बारकोड चार वेळा मारणं, म्हणजे चार वेगवेगळ्या बॅचचा किंवा एक्स्पायरीचा माल एकाच नावावर जातो. मित्राच्या लॉगिनवर पिक करून त्याला वर काढणं. जड माल असलेली ऑर्डरची बॅच सोडून देणं, ती शेवटी नव्या पोराच्या किंवा गरजू बाईच्या वाट्याला येते.

तेव्हा वेगाच्या शेजारी 'नग नाही' चं प्रमाण लावायला सांगा, आणि त्यातले किती बिन मोजल्यावर खरंच रिकामे निघाले तेही. वेग चढतोय आणि हा आकडाही चढतोय असं दिसलं, तर नफा कागदावरचाच आहे. हे मॅनेजरला 'पिळवणूक' शब्दापेक्षा लवकर कळतं.

कंबर_सांभाळा

वेगाचं बोललात, वजनाचं कुणी बोललं नाही. सवलतीच्या तक्त्यात वजनाचे वेगळे टक्के असतात, ते वर धरलेले नाहीत. पण त्याहून सरळ मार्ग म्हणजे उचलण्याचं समीकरण. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेचं आहे, टेप आणि कॅल्क्युलेटर पुरतो.

आदर्श स्थितीत मर्यादा २३ किलो. मग एकेक गुणक लावत जायचं. घोट्यापासून हातांपर्यंतचं आडवं अंतर ४० सेंमी असेल तर २५ ÷ ४० = ०.६२५. हात जमिनीपासून १५ सेंमीवर, म्हणजे खालच्या फळीवर: १ − ०.००३ × (७५ − १५) = ०.८२. तिथून ७५ सेंमीच्या ट्रॉलीत टाकायचं, उचल ६० सेंमी: ०.८२ + ४.५ ÷ ६० = ०.८९५. दिवसभर, मिनिटाला एक उचल: ०.७५.

२३ × ०.६२५ × ०.८२ × ०.८९५ × ०.७५ = ७.९ किलो.

म्हणजे खालच्या फळीवर ठेवलेली १० किलो आट्याची पिशवी मर्यादेबाहेर आहे. तीच पिशवी कमरेच्या उंचीवर, ७५ सेंमीच्या फळीवर आणा: उंचीचा आणि उचलीचा गुणक दोन्ही १ होतात, मर्यादा १०.८ किलो. पिशवी तीच, माणूस तोच. अंग वळवून उचलावं लागत असेल तर अजून गुणक लागतो, मी तो सोडलाय. मिनिटाला तीन उचली झाल्या तर ०.७५ च्या जागी ०.५५ येतात आणि खालच्या फळीची मर्यादा ५.८ वर घसरते. टार्गेट वाढवल्यावर हाच गुणक घसरतो, म्हणून वेग आणि वजन वेगवेगळ्या बैठकांत चर्चेला घेऊ देऊ नका.

मागणी अशी: ५ किलोच्या वरचा सगळा माल गुडघा ते कंबर या फळ्यांवर. माल कुठे ठेवायचा ते सिस्टीममध्ये एकदा बदलावं लागतं. बहुतेक ठिकाणी जड माल खाली टाकतात, कारण रॅक लावणाऱ्याला ते बरं पडतं.

दुसरं, पत्र्याचं छप्पर. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये आपल्याकडच्या दमटपणात घाम सुकत नाही, त्यामुळे नुसतं तापमान बघून उपयोग नाही, डब्ल्यूबीजीटी (तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरणारं माप) बघावं लागतं. वापरात असलेल्या जुन्या तक्त्याप्रमाणे मध्यम कष्टाच्या कामाला २८ अंशांवर तासातली १५ मिनिटं विश्रांती लागते, २९.४ वर निम्मा तास. ४ टक्के थकव्याची सवलत जानेवारीत पुरेल, मे महिन्यात नाही. उन्हाळ्याचं टार्गेट वेगळं मागा.

मागणी जास्त आणि आपल्या हातात काहीच नाही, अशा कामात ताण सगळ्यात वाईट, हे काराझेक या संशोधकाने १९७९ मध्ये मांडलं. गोदामात हातात देण्यासारखं फार नसतं, पण बॅचमधला क्रम पिकरला ठरवू देणं आणि चहाची वेळ अर्ध्या तासाच्या खिडकीत त्याने निवडणं, एवढं देता येतं.

खारीगाव_लोकल

मंडळी, खूप मिळालं. १४३ चा हिशोब आजच फळ्यावर मांडून बघितला, बरोबर येतोय. दोन शंका राहिल्या. एक, 'बॉटम १० टक्के' ला काय उत्तर द्यायचं? ते म्हणतात मोठमोठ्या कंपन्या हेच करतात. दोन, डेटा नेमका कोणता मागायचा?

घड्याळ_पाटी_पेन्सिल

पहिल्याचं उत्तर गणितातच आहे. आठातला एक म्हणजे १२.५ टक्के, १० नव्हे. तिथूनच सुरुवात करा. आता समजा पूर्ण गोदामात १० टक्के लोक खरोखर कच्चे आहेत आणि टीम कशाही पाडल्यात. मग एका टीममध्ये त्यांच्यापैकी एकही नसण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात, म्हणजे ४३ टक्के. शंभर टीम असतील तर ४३ टीममध्ये काढायला योग्य माणूसच नाही, तरी एक जण जाणार. मोठ्या कंपन्यांचं म्हणाल तर जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्चचा २०-७०-१० नियम प्रसिद्ध आहे, आणि मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, तेही सांगा.

क्रमवारी माणूस मोजते की झोन, हे तपासायची सोपी रीत आहे. मागच्या महिन्यात प्रत्येक टीममध्ये तळाला असलेले लोक चालू महिन्यात कुठे आहेत ते बघा. त्यातले निम्म्याच्या आसपास वरच्या अर्ध्यात पोचले असतील तर क्रमवारी नशीब मोजतेय. बैठकीत दाखवायचं असेल तर डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचा लाल मण्यांचा खेळ करा: पेटीत पाचात एक मणी लाल, ५० खळग्यांची पळी, प्रत्येकाने डोळे झाकून एकदा भरायची, लाल मणी म्हणजे चूक. सरासरी १० लाल येणार, कुणाला ६ येतील, कुणाला १५. सहावाल्याला शाबासकी द्या, पंधरावाल्याला मेमो द्या, आणि दुसऱ्या फेरीत काय होतं ते मॅनेजरलाच बघू द्या. मणी मस्जिद बंदरला किलोवर मिळतात.

डेटा: गेल्या दोन महिन्यांचा पिकिंग लॉग, त्यात स्कॅनची तारीख-वेळ सेकंदापर्यंत, पिकरचा क्रमांक (नाव नको, नाहीतर आपसात भांडणं लागतात), बिन, झोन, वस्तूचा कोड, नग, वजन, 'नग नाही' चा कोड, पाळी. दोन स्कॅनमधलं अंतर काढा, झोनप्रमाणे आणि पाळीप्रमाणे वेगळं करा, सरासरीऐवजी मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) बघा. जेवणाच्या वेळचे गॅप आधी काढून टाका, नाहीतर सगळंच बिघडतं. रात्रपाळी आणि दिवसपाळीतला फरक सगळ्यात आधी दिसेल, आणि सल्लागारांनी रात्रपाळी मोजलेलीच नाही.

दुसरी_पाळी

भर घालतो. फाइल सीएसव्ही (एक्सेलमध्ये थेट उघडणारा साधा तक्ता) मागा. पीडीएफ देतो म्हणाले तर नको म्हणा, त्या ओळी परत टाइप करण्यात आठवडा जाईल. आणि वेळेचा रकाना उघडल्यावर एक्सेल तारीख-महिना उलटे करतं, ते आधी तपासा.

परळचा_पिंपळ

मागणीचं पत्र दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: तारीख, सही, शिक्का. व्हॉट्सॲपवर 'बघतो' असं आलं तर ती पोच नव्हे.